वर्ग ऑनलाइन, पण पेशंट समोर बसूनच तपासायचा

ह्यूस्टनहून एका नर्सताईंचं पत्र आलं आहे. नाव बदलून त्यांना सुजाता म्हणते. माहेर सांगली जिल्ह्यातलं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग, मिरजेत पाच वर्षं आयसीयू, मग एनक्लेक्स ही अमेरिकन लायसन्सची परीक्षा पास होऊन ग्रीन कार्डावर अमेरिकेत. आता वय 36, मुलगा सात वर्षांचा, आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन नाइट ड्यूट्या. त्यांना ऑनलाइन नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी (पेशंट तपासून औषधं लिहून देऊ शकणारी नर्स), व्हायचं आहे. एका विद्यापीठाच्या अ‍ॅडमिशन सल्लागाराचा एक दिवसाआड फोन येतो: फी वाढणार आहे, शुक्रवारपर्यंत 500 डॉलर भरून जागा पक्की करा. मैत्रीण म्हणते, सायकियाट्रीचं कर, घरी बसून काम आणि पैसाही बरा. यजमानांची दोनेक वर्षांत सिअ‍ॅटलला बदली होऊ शकते. आणि मिरजेतली धाकटी बहीण, जीएनएम झालेली, विचारते की मी इथूनच हा कोर्स करू का?

प्रिय सुजाता,

शुक्रवारी पैसे भरू नका.

फोन करणारा माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण जागा भरणं हे त्याचं काम आहे. तुमच्या पुढच्या तीन वर्षांचा हिशेब मांडणं तुमचं काम आहे, आणि तो अजून झालेला नाही. त्याने सांगितलेल्या दहा गोष्टी तुम्ही पत्रात लिहिल्यात. वर्ग रेकॉर्ड केलेले असतात, जीआरई ही प्रवेश परीक्षा लागत नाही, वर्षातून तीनदा प्रवेश असतो. एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही आणि तुम्हीही विचारली नाही: प्रिसेप्टर, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकवणारे डॉक्टर किंवा एनपी, कोण शोधणार?

एनपीच्या अभ्यासातला पुस्तकी भाग ऑनलाइन होतो आणि चांगला होतो. पॅथोफिजिऑलॉजी आणि फार्माकॉलॉजी तुम्ही मुलगा झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शिकाल, त्याची मला काळजी नाही. पण पेशंट तपासायला शिकायचं ते एखाद्या डॉक्टरच्या किंवा अनुभवी एनपीच्या शेजारी उभं राहून, त्यांच्या दवाखान्यात. राष्ट्रीय सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसायला असे किमान 500 तास लागतात. एनपी शिक्षणाच्या 2022 च्या राष्ट्रीय निकषांनी हा आकडा 750 वर नेला आहे, आणि कार्यक्रम आता त्या दिशेने चालले आहेत. 750 तास म्हणजे आठ तासांचे जवळपास 94 दिवस. तीन सेमिस्टरांचे 45 आठवडे धरले तर आठवड्याला दोन दिवसांहून थोडे जास्त. दवाखाने दिवसा उघडे असतात. सकाळी साडेसातला तुमची नाइट संपणार आणि आठला प्रिसेप्टरचा पहिला पेशंट आत येणार. हा आठवडा तुम्ही कागदावर मांडून यजमानांना दाखवा. मुलाला शाळेत सोडणार कोण आणि तुम्ही झोपणार कधी, हे त्या कागदावर दिसलं पाहिजे.

आता हे प्रिसेप्टर मिळतात कसे? काही विद्यापीठांचा स्वतःचा प्लेसमेंट विभाग असतो, ते जागा शोधून देतात. काही 'मदत करतो' म्हणतात, म्हणजे एक जुनी यादी ईमेलने पाठवतात. आणि काही ठिकाणी ती जबाबदारी सरळ विद्यार्थिनीवर असते. मी मार्गदर्शन केलेल्या एका मराठी नर्सने हे न विचारता प्रवेश घेतला होता. पहिलं वर्ष उत्तम गेलं. मग चाळीसेक दवाखान्यांना तिने ईमेल केले, त्यातल्या बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. शेवटी प्रिसेप्टर जुळवून देणाऱ्या कंपनीला खिशातून पैसे मोजले, आणि तरी एक सेमिस्टर वाया गेलं. ती हुशार होती, मेहनती होती. फक्त या देशात तिच्या ओळखीचे डॉक्टर नव्हते. आपल्या बाहेरून आलेल्या मुलींची अडचण नेमकी हीच असते, म्हणून मी हा प्रश्न सगळ्यांत आधी ठेवते.

सल्लागाराला फोनवर विचारू नका, ईमेल करा, म्हणजे उत्तर लेखी येईल. प्लेसमेंटची हमी विद्यापीठ देतं का? वेळेत जागा मिळाली नाही तर काय होतं, आणि त्या सेमिस्टरची फी कोण भरतं? ह्यूस्टनपासून किती मैलांच्या आत जागा देता? मागच्या बॅचमधले किती जण पहिल्याच प्रयत्नात सर्टिफिकेशन पास झाले? जिथून गोलमोल उत्तर येईल, ते नाव यादीतून काढा.

आता शाखा कुठली घ्यायची. मैत्रिणीचं म्हणणं मी खोडून काढत नाही, मानसोपचारात एनपींची खरोखर गरज आहे. पण तुमच्या चार पानी पत्रात मानसिक आजाराचा एकही पेशंट नाही. एक परिच्छेद मात्र मी तीनदा वाचला. मुलाकडे राहायला आलेले आजोबा, वर्षात तीनदा हार्ट फेल्युअरने अ‍ॅडमिट, पाय सुजलेले, धाप लागलेली. डिस्चार्जच्या कागदावर दर वेळी इंग्रजीत 'मीठ कमी' असं लिहिलेलं. तिसऱ्या खेपेला पहाटे चार वाजता तुम्ही त्यांना मराठीतून विचारलंत, आजोबा, जेवता काय? ते म्हणाले, भाजीत मीठ घालतच नाही हो आता. आणि मग कळलं की भाजी अळणी लागते म्हणून दोन्ही वेळा लिंबाचं लोणचं आणि पापड. लोणच्यातलं मीठ हे मीठ धरायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सुजाता, तुम्हाला काय करायचं आहे ते या परिच्छेदात लिहिलेलं आहे. माणूस आयसीयूत पोचण्याआधी तुम्हाला गाठायचा आहे. एनपी हे पद निघालं तेच अशा कामासाठी. 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला कार्यक्रम सुरू केला, तो डॉक्टर कमी असलेल्या भागातल्या मुलांपर्यंत पोचायचं म्हणून.

इथे आयसीयूतल्या बऱ्याच नर्सेस एक चूक करतात, म्हणून स्पष्ट लिहिते. फॅमिली एनपीचं शिक्षण सगळ्या वयांसाठी असतं, पण ते दवाखान्यातल्या कामाचं. आयसीयूत अत्यवस्थ पेशंट सांभाळणारी एनपी व्हायचं असेल तर त्यासाठी अ‍ॅडल्ट-जेरॉन्टॉलॉजी अ‍ॅक्यूट केअर ही प्रौढ आणि वृद्ध पेशंटांसाठीची वेगळी शाखा आहे. 'फॅमिली केलं की सगळीकडे चालतं' ही समजूत जुनी झाली. परवाना आणि सर्टिफिकेशन शाखेनुसार मिळतं, आणि मागाहून शाखा बदलायची तर पुन्हा सर्टिफिकेट कोर्स आणि पुन्हा क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष पेशंट तपासण्याचे, तास. तुमच्यापुढे खरे पर्याय दोन दिसतात: फॅमिली, किंवा अ‍ॅडल्ट-जेरॉन्टॉलॉजी प्रायमरी केअर. लहान मुलं आणि गरोदर बायका तपासायची ओढ असेल तर फॅमिली. म्हाताऱ्यांमध्येच जीव रमत असेल तर दुसरी. मला विचाराल तर फॅमिली घ्या, कारण सिअ‍ॅटलला जाऊन नव्याने नोकरी शोधायची वेळ आली तर जाहिराती तिच्या जास्त असतात.

सिअ‍ॅटलचा मुद्दा हलका नाही. तुमचं टेक्ससचं आरएन (नोंदणीकृत नर्स) लायसन्स मल्टिस्टेट, म्हणजे अनेक राज्यांत चालणारं, आहे, म्हणून एनपीचंही तसंच असेल असं तुम्ही गृहीत धरलंय. तसं नाही. एनपीचा परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा. टेक्ससमध्ये एनपीला औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, वॉशिंग्टन राज्यात तो लागत नाही. ही झाली नंतरची गोष्ट. शिकता शिकताच बदली झाली तर? वॉशिंग्टनचं नर्सिंग बोर्ड बाहेरच्या विद्यापीठांना तिथे क्लिनिकल घेण्यासाठी वेगळी मान्यता घ्यायला लावतं. न्यूयॉर्कचे नियमही कडक आहेत, कित्येक ऑनलाइन कार्यक्रम तिथल्या विद्यार्थ्यांना घेतच नाहीत. कुठल्या राज्याच्या परवान्यासाठी आपली पदवी चालते, ही माहिती विद्यापीठांना जाहीर करावी लागते. वेबसाइटवर 'प्रोफेशनल लायसन्शर' असं पान असतं. टेक्सस आणि वॉशिंग्टन, दोन्ही नावं तिथे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मान्यतेबद्दल फार लिहीत नाही. सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचं शिक्षण तपासणाऱ्या संस्थांची मान्यता त्या एनपी कार्यक्रमाला आहे का, हे त्या संस्थांच्याच साइटवर तपासायचं. नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

पैशांचं बोलू. साधारण 45 क्रेडिटचा कोर्स धरला, तर क्रेडिटला 700 डॉलर असेल तिथे 31,500 होतात आणि 1,200 असेल तिथे 54,000. वर लॅब फी, क्लिनिकलची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर, कॅम्पसवरच्या हजेरीचा प्रवास आणि हॉटेल. 'पूर्ण ऑनलाइन' म्हणणाऱ्या कित्येक ठिकाणी दोन-चार दिवस प्रत्यक्ष बोलावतात, आणि ते चांगलंच असतं. केंटकीतलं फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी घरी राहून शिकण्यासाठीच ओळखलं जातं, पण तेही विद्यार्थ्यांना व्हर्सेल्सच्या कॅम्पसवर बोलावतं. फोनवाल्या विद्यापीठाच्या आधी तुमच्याच राज्यातली सरकारी विद्यापीठं बघा: ह्यूस्टनमधलंच यूटी हेल्थचं सिझिक स्कूल ऑफ नर्सिंग, टेक्सस वुमन्स युनिव्हर्सिटी, आर्लिंग्टनचं टेक्सस विद्यापीठ. राज्याच्या रहिवाशाला तिथे फी कमी पडते, आणि आजूबाजूच्या दवाखान्यांशी त्यांचे वर्षानुवर्षांचे संबंध असतात.

तुमचं हॉस्पिटल शिक्षणासाठी पैसे देतं का, ते एचआरला विचारा. अशा मदतीचे वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत करमुक्त असतात. मात्र बॉन्ड किती वर्षांचा आहे ते वाचून सही करा, बदली डोक्यावर आहे. ग्रीन कार्ड असल्यामुळे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्जही मिळू शकतं, त्यासाठी निदान अर्धवेळ प्रवेश हवा. पण 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे कर्ज बंद आहे, आणि साध्या ग्रॅज्युएट कर्जाची मर्यादा वर्षाला 20,500 डॉलर. सल्लागार 'कर्ज होऊन जाईल' म्हणाला असेल तर त्याला हा आकडा विचारा. 2023 साली अमेरिकेत आरएनचा मध्यम वार्षिक पगार 86,070 डॉलर होता आणि एनपीचा 126,260. फरक मोठा दिसतो. पण तुम्ही नाइटचा भत्ता घेता, आणि नवी एनपी मधल्या आकड्यावर सुरुवात करत नाही. पहिल्या वर्षी हातात फार वेगळं काही दिसलं नाही तर खचू नका.

अर्जाची तयारी आजपासून करा, कारण वेळखाऊ काम नाशिकचं आहे. आरोग्य विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, तिचं विषयवार मूल्यांकन, आणि त्यातून निघणारा जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण. बहुतेक ठिकाणी किमान 3.0 मागतात. कुठल्या संस्थेचं मूल्यांकन चालतं ते आधी विचारा, नाहीतर दोनदा पैसे जातात. आपल्याकडे बी.एस्सी.ला रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स एकाच विषयात येतात. त्यामुळे स्वतंत्र स्टॅटिस्टिक्स नाही म्हणून अर्ज अडू शकतो. तसं झालं तर कम्युनिटी कॉलेजमध्ये एक कोर्स करून टाका. शिफारसपत्रांपैकी एक तरी अशा इन्चार्जचं घ्या, जिने तुम्हाला खराब रात्री काम करताना पाहिलंय.

निबंधाचा मसुदा तुम्ही जोडला आहे. 'लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड आहे' हे पहिलं वाक्य खोडा. तसे शेकडो अर्ज त्यांच्याकडे येतात. 'पहाटे चार वाजता मी एका वृद्ध पेशंटला विचारलं, तुम्ही जेवता काय?' इथून सुरू करा. आजोबांचं नाव, गाव, तारीख, हॉस्पिटल काही लिहायचं नाही, पेशंटची गोपनीयता निबंधातही पाळायची असते. मग लोणचं येऊ द्या. मग तुम्ही डायटिशियनला उठवून त्यांच्या सुनेसाठी मराठीत यादी लिहून दिलीत, ते येऊ द्या. हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत. निबंधात त्याला अर्धं पान द्या.

धाकट्या बहिणीला सांगा की मिरजेतून हा कोर्स होणार नाही, आणि होतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नकोस. त्यासाठी चालू अमेरिकन आरएन लायसन्स लागतं आणि क्लिनिकल अमेरिकेत करावं लागतं. पूर्ण ऑनलाइन कोर्ससाठी विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. शिवाय जीएनएम ही पदविका आहे, आधी बी.एस्सी. हवी. तिने दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं. पुढे आयसीयूत मन लागलं तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम भारतातच आहे. तो निवासी आहे, हॉस्पिटलात राहून करायचा.

आणि या आठवड्यात एक काम करा. तुमच्याच हॉस्पिटलच्या हार्ट फेल्युअर क्लिनिकमध्ये एनपी आहेत, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. सकाळी ड्यूटी संपली की गाडीकडे जाण्याआधी त्यांच्या दारात पाच मिनिटं थांबा. आजोबांची केस सांगा आणि विचारा, तुमच्या सुट्टीच्या एका दिवशी त्यांच्या मागे उभं राहून पेशंट बघू देतील का. परवानगीचे कागद काय लागतात ते त्याच सांगतील. तो दिवस कसा गेला ते मला कळवा, मग विद्यापीठांची यादी आपण दोघी मिळून करू.