पाणी ९८ ला उकळलं, वहीत काय लिहू?
(वाचकांचे प्रश्न)

या वेळच्या टपालात थर्मामीटरवरचे प्रश्न इतके आले की बाकीचे पुढच्या अंकावर ढकलले. मान आजींचा, म्हणून त्यांचं पत्र पहिलं.

प्रश्न : नातवाला ताप भरला, थर्मामीटरमध्ये १०२ निघाला. त्याच दिवशी टीव्हीवर परभणीचं तापमान ४३ सांगितलं. लेकराचं अंग उन्हाच्या दुपटीनं तापलं होतं का? – एक आजी, सेलू

उत्तर : नाही आजी. तुमची जमीन अडीच एकर आणि बांधशेजाऱ्याची शंभर गुंठे, म्हणून शेजारी मोठा जमीनदार ठरत नाही. इथं तसंच झालंय. तापाचा आकडा फॅरनहाइटमधला, टीव्हीवरचा सेल्सिअसमधला. १०२ मधून ३२ वजा करा, उरले ७०. त्याला ५ नं गुणून ९ नं भागा. आले ३८.९. म्हणजे बाहेरची हवाच लेकराच्या अंगापेक्षा चार अंशांनी जास्त तापलेली होती. आणि टीव्हीवरचे ते ४३ सावलीतले असतात बरं, उन्हातले नव्हे. हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीराला थंड व्हायला घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. म्हणून अशा दिवसांत लेकराला थोडं थोडं पाणी पाजत राहा आणि ताप उतरत नसेल तर डॉक्टरांकडं न्या.

हा फॅरनहाइट काचेची उपकरणं बनवणारा माणूस होता. १७२४ मध्ये त्यानं आपलं माप मांडलं. बर्फ, पाणी आणि नवसागर यांचं मिश्रण म्हणजे शून्य, नुसतं बर्फ-पाणी म्हणजे ३२ आणि निरोगी माणसाचं अंग म्हणजे ९६. पुढं मापात थोडी दुरुस्ती झाली आणि अंगाचा आकडा ९८.६ वर गेला. हवामान खातं कधीच सेल्सिअसवर आलं. आपल्या घरातला ताप मात्र अजून फॅरनहाइटमध्येच चढतो.

प्रश्न : शाळेत पाणी उकळायचा प्रयोग होता. आमच्या गटाचा पारा ९८ वर थांबला, पुढं सरकलाच नाही. आम्हाला सांगितलं की १०० लिहा, पुस्तकात तेच आहे. खरं कोणतं? – सातवीतली विद्यार्थिनी, औसा

उत्तर : बाळा, ९८ लिही. पुस्तकही खोटं नाही. पुस्तकातले १०० समुद्रसपाटीवरचे आहेत आणि औसा समुद्रापासून सुमारे सहाशे मीटर उंचावर आहे. जितकं वर जावं तितका डोक्यावरच्या हवेचा दाब कमी. पाण्यातल्या वाफेच्या बुडबुड्यांना हा दाब सोसून फुगावं लागतं. दाब कमी असला की त्यांना ते लवकर जमतं आणि पाणी आधीच खदखदायला लागतं. ढोबळ हिशेब असा, की दर तीनशे मीटरला एक अंश उतरतो. सहाशेला दोन. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, चहाचं पाणी साडेचौऱ्याण्णवच्या आसपासच उकळेल. कुकरमध्ये याच्या उलट घडतं. आत दाब वाढतो, पाणी १२० च्या आसपास जातं आणि तुरीची डाळ लवकर शिजते.

तू जे पाहिलंस ते खुद्द सेल्सिअसनंही नोंदवलं होतं. अँडर्स सेल्सिअस हा स्वीडनमधल्या उप्साला इथला खगोलशास्त्रज्ञ. १७४२ मध्ये त्यानं आपलं माप मांडलं, तेव्हाच सांगितलं की बर्फ वितळण्याची खूण पक्की आहे, पण उकळण्याची खूण हवेच्या दाबाप्रमाणं सरकते. गंमत म्हणजे त्याचं माप उलटं होतं, उकळतं पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर! ते सरळ झालं त्याच्या मृत्यूनंतर.

आता कोणी म्हणेल, तुमचा थर्मामीटरच बिघडला असेल. शंका रास्त आहे. तपासून बघ. बर्फ बारीक कुटून पेल्यात घ्यायचा, त्यात थोडं पाणी, मग थर्मामीटरचा फुगा त्यात बुडवून चार-पाच मिनिटं थांबायचं. पारा शून्यावर आला, तर निदान त्या टोकाला तरी थर्मामीटर खरा आहे. एक वर थांबला, तर तुझ्या ९८ मधूनही एक वजा करावा लागेल. उकळताना फुगा चंचुपात्राच्या तळाला टेकवू नकोस, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. आणि वाचताना डोळा पाऱ्याच्या पातळीत हवा. उभ्या उभ्या वरून वाचशील तर अंशभराचा फरक सहज पडतो.

बोअरच्या खारट पाण्यानं फरक पडतो का, असं तू पत्राच्या शेवटी विचारलंयस. पडतो, पण उलट्या दिशेनं. क्षारांमुळं पाणी किंचित जास्त तापमानाला उकळतं. मात्र एक अंश वाढवायला लिटरमागं पन्नास-साठ ग्रॅम मीठ लागतं. तसलं पाणी तुमच्या गावात कोणी तोंडात धरणार नाही.

शाळेतल्या थर्मामीटरवर बहुधा एकेक अंशाच्या रेघा असतात. तेव्हा ९७.९३ असलं काही लिहू नकोस, ते थर्मामीटरला दिसतच नाही. ‘९८ अंश सेल्सिअस, औसा’ असं लिही. मी शिकवायचो तेव्हा सगळ्या वर्गाच्या वह्यांत एकसारखे १०० दिसले की मला कॉपीचा वास यायचा. ९७, ९८, ९९ असं मागंपुढं आलं की समजायचं, पोरांनी खरोखर चूल पेटवलीय.

प्रश्न : थंडीत पेपरात परभणीचं किमान तापमान ४ होतं, मोबाइलवर ८ आणि माझ्या हरभऱ्यावर पहाटे बर्फाचा पांढरा थर. कोणाचं मानायचं? – एक शेतकरी, जिंतूर तालुका

उत्तर : भाऊ, हरभऱ्याचं माना. मोबाइल तुमच्या रानातली हवा मोजत नाही, आसपासच्या मोठ्या भागाचा संगणकानं काढलेला अंदाज दाखवतो. पेपरातला आकडा मोजलेला असतो, पण वेधशाळेत. तिथं झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर थर्मामीटर ठेवतात. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आभाळाकडं सोडत राहतात. पेटीत ४ असताना पान शून्याखाली जाऊ शकतं. त्यात तुमचं रान खोलगट असेल तर जड, गार हवा तिथंच साचते. अशा रात्रीच्या आधी संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते.

प्रश्न : आमच्याकडं हिवाळ्यात १० आणि उन्हाळ्यात ४० अंश असतं. म्हणजे तापमान चौपट झालं ना? – आठवीतला विद्यार्थी, गंगाखेड

उत्तर : हेच आकडे फॅरनहाइटमध्ये मांड. ५० आणि १०४. कुठं गेली चौपट? दोन्ही मापांतलं शून्य माणसानं सोयीनं ठरवलेलं आहे, म्हणून वजाबाकी चालते, पट काढता येत नाही. पट काढायचे तर खऱ्या तळापासून मोजणारं माप हवं. ते केल्विनचं, १८४८ मध्ये सुचवलेलं. त्याचं शून्य आपल्या सेल्सिअसच्या उणे २७३.१५ वर आहे. त्यात तुझा हिवाळा २८३ आणि उन्हाळा ३१३ केल्विन, म्हणजे जेमतेम दहा-अकरा टक्के जास्त.