दामाजीपंतांची पावती

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात आमचे घर आहे. माझे सासरे हातमागावर लुगडी विणत, यजमानांनी यंत्रमागावर चादरी काढल्या आणि मुलगा आता टॉवेलच्या कारखान्यात आहे. सहावीतल्या नातवाला दामाजीपंतांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने विचारले, "आजी, देवाने सुलतानाचे पैसे भरले, हे खरे कशावरून?" मला उत्तर देता आले नाही. जे घडलेच नसेल, ते मुलांना सांगावे का? आणि इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या जगात त्याचा त्यांना उपयोग काय? (एक आजी, सोलापूर)

उत्तर : नातवाने पुरावा मागितला हे मला आवडले, कारण ही गोष्ट मुळात हिशेबाचीच आहे. ज्यांना ती आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बिदरच्या बहमनी राजवटीतील अधिकारी. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा त्यांनी परवानगीची वाट न पाहता सरकारी कोठारे खुली केली. सुलतानाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला. पण ते बिदरला पोहोचण्याआधीच विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याची सारी किंमत त्याने मोजून दिली, रीतसर पावती घेतली आणि ती दामाजींच्या पोथीत ठेवून दिली.

ही पावती नीट पाहावी. गोष्ट रचणाऱ्याला नुसता चमत्कारच दाखवायचा असता, तर सुलतानाची मती पालटून त्याच्याकडून माफी देववणे कितीतरी सोपे होते. तसे होत नाही. भुकेल्याच्या तोंडी घास घालणे हुकुमापेक्षा मोठे आहे आणि तरीही रिकाम्या झालेल्या कोठाराची भरपाई कोणाला तरी करावीच लागते, ही दोन्ही सत्ये गोष्ट एकाच वेळी धरून ठेवते, आणि देवालाही त्यातून सूट देत नाही. पाऊस हुलकावणी देणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. घटना घडली की नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे. ही श्रद्धेने जपलेली कथा आहे, दरबारी नोंद नव्हे, असे नातवाला सरळ सांगावे. त्याने गोष्टीचे काही बिघडत नाही.

माणसांच्या कथांतून पुन्हा पुन्हा येणाऱ्या अशा मूळ प्रतिमांना कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाच्या विचारामुळे आपल्याकडे 'आदिबंध' म्हणू लागले. वेश पालटून मदतीला येणारा हा त्यांपैकीच एक. विठ्ठल जनाबाईबरोबर दळतो, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. समोरच्याची नड जशी, तसे त्याचे रूप.

पण आदिबंध आपोआप बदलत नाही, ऐकणारे त्याला बदलायला लावतात. दामाजींच्याही आधीचे चोखोबा याच मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले, आणि पंढरपुरात त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. देव महार होऊन दरबारात जाऊ शकतो, मग महार देवळात का जाऊ शकत नाही? हा प्रश्न गोष्टीच्या पोटातच होता. तरी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. गोष्ट नुसती डोळे पुसण्यापुरती वापरली, तर दार शतकानुशतके बंदच राहते, एवढे तिच्या बाजूने बोलतानाही मान्य करायला हवे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच घरात आहे. भावनाऋषींनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले, ही पद्मशाली समाजाची कथा पूर्व भागात घरोघरी ठाऊक आहे. कमळाचा तंतू तुमच्या मागावर कधी चढला नसेल. पण हाती येईल त्या धाग्याचे वस्त्र करायचे, हे लुगड्यावरून चादरीवर आणि चादरीवरून टॉवेलवर येताना तीन पिढ्यांनी केलेच ना? गोष्टीने यंत्रमाग दुरुस्त करता येत नाही, ते काम शिकूनच घ्यावे लागते. मात्र माग बदलला तरी आपण विणकरच आहोत, ही ओळख तिने टिकवली असावी, असे मला वाटते.

सुट्टीत नातवाला मंगळवेढ्याला न्यावे, तिथे दामाजींचे मंदिर आहे. परतताना एसटीत गोष्ट त्याला सांगू द्यावी, आणि त्याने विठूच्या हाती पावतीऐवजी मोबाइल दिला, तरी मध्येच अडवू नये.