ॲडमिशन झाली गं, पण जूनचं ट्रान्सक्रिप्ट अजून जायचंय!

अगं,

आधी मनापासून अभिनंदन, परत एकदा! अर्ली डिसिजनमधे, म्हणजे मिळालं तर तिथेच जाणार असा शब्द देऊन लवकर केलेल्या अर्जात, पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळवणं म्हणजे काही खायचं काम नाही, आणि तुझ्या एसेचे ड्राफ्ट वाचून वाचून मला ते जवळपास पाठ झाले होते त्यामुळे पेढ्यावर माझाही हक्क होताच. पण काल तुझ्या आईचा फोन आला, म्हणे फेब्रुवारीपासून घरात होमवर्क नावाचा प्रकार दिसत नाही, कॅल्क्युलसमधे सी चाललाय आणि आता तुला फिजिक्स ड्रॉप करायचंय. 'जरा समजव तिला' म्हणाली. तर लेक्चर नाही देत, हिशेब सांगते.

तुझ्या आई-बाबांनाही यातलं नीट माहीत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. ते महाराष्ट्रात शिकले, तिकडे आधी बारावी, सीईटी, मग ॲडमिशन, म्हणजे सीट मिळाली तेव्हा बारावी संपलेलीच असते. इथे अमेरिकेत सगळं उलटं, सीट डिसेंबरात आणि बारावी जूनमधे. तुझं ॲक्सेप्टन्स लेटर परत उघड, खाली कुठेतरी लिहिलेलं असेल की ही ऑफर सीनियर इयर, म्हणजे हे बारावीचं वर्ष, नीट पूर्ण करण्याच्या अटीवर आहे. स्क्रीनवर कॉन्फेटी उडत असताना तेवढं खाली कोण वाचतंय! पण शाळेतली काउन्सेलर शाळा संपल्यावर फायनल ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या ग्रेडची गुणपत्रिका, पाठवते आणि कॉलेजवाले ते बघतात.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने तर हे स्वच्छ लिहूनच ठेवलंय, सीनियर इयरला डी किंवा एफ चालणार नाही आणि ट्रान्सक्रिप्ट 1 जुलैपर्यंत हवं. 2017 च्या उन्हाळ्यात त्यांच्याच अर्व्हाइन कॅम्पसने जवळजवळ 500 मुलांच्या ॲडमिशन काढून घेतल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच जणांचा लोचा मार्कांचा नव्हताच, कागदपत्रांचा होता, मग एवढी बोंबाबोंब झाली की युनिव्हर्सिटीला माफी मागून त्या मुलांना परत घ्यावं लागलं. ज्यांचे ग्रेड खरंच घसरले होते त्यांना मात्र ही सवलत नव्हती.

आता घाबरून रात्र रात्र जागू नकोस. ए चा बी झाला तर कोणी ढुंकूनही बघत नाही, मी तर म्हणेन एखादा बी येऊच दे, चार वर्षं ऊर फुटेस्तोवर धावलीयेस. प्रश्न येतो सगळीकडे ए असलेल्या मुलीच्या ट्रान्सक्रिप्टवर अचानक दोन-तीन सी किंवा एक डी दिसला की. मग बऱ्याचदा आधी 'काय झालं ते कळवा' असं पत्र येतं, आणि तेव्हा 'कंटाळा आला होता' हे काही लिहिता येत नाही ना. शिवाय तू अर्ली डिसिजनवाली, बाकीचे सगळे अर्ज मागे घेतलेस. जुलैत ही सीट गेली तर हातात दुसरं काहीच नाही, बाकी कॉलेजांत सीट पक्की करायची 1 मे ही तारीख कधीच उलटून गेलेली असते. मेरिट स्कॉलरशिप मिळाली असेल तर तिच्याही अटी वेगळ्या वाचून ठेव.

फिजिक्सचं मला जास्त टेन्शन आहे. अर्जात तू सीनियर इयरचे विषय लिहून दिलेत, ते बघून तुला घेतलंय, त्यातला एक गुपचूप सोडणं सी येण्यापेक्षा वाईट दिसतं. सोडायचाच असेल तर आधी ॲडमिशन ऑफिसला विचार, कधीकधी ते हो म्हणतात पण. आणि तू जाणार इंजिनियरिंगला! पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस आणि फिजिक्स समोर उभे असतात आणि तिथले प्रोफेसर हायस्कूलचं काही परत शिकवत बसत नाहीत. मेमधल्या एपी परीक्षेत (हायस्कूलमधेच कॉलेजच्या पातळीच्या विषयाची परीक्षा, 5 पैकी गुण) 4 किंवा 5 आला तर बऱ्याच कॉलेजात क्रेडिट मिळतं, म्हणजे एका कोर्सची फी वाचू शकते, तुझ्या कॉलेजचं काय ते त्यांच्या साइटवरच्या चार्टमधे बघ.

कॅल्क्युलसच्या टीचरना उद्याच भेट, राहिलेल्या असाइनमेंट उशिरा घेतील का आणि रीटेक मिळेल का एवढंच विचार, मार्किंग पीरियड संपल्यावर विचारून उपयोग नाही. प्रॉमची खरेदी कर, सीनियर ट्रिपला खुशाल जा, आईला मी सांगते. फक्त फिजिक्सबद्दलचा ईमेल या आठवड्यात जाऊ दे, काउन्सेलरला सीसीत ठेव, आणि पाठवायच्या आधी मला दाखव, तुझे ईमेल फार लांबतात.

मावशी