अमेरिकेतल्या वाळवंटी सरकारी जमिनी वाचवायला साध्या माणसाला खरंच काही करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही फिनिक्सला एच-१बीवर नोकरी करता, सुट्टीत ॲरिझोना-युटाचं वाळवंट भटकता, आणि या जमिनी खाणींच्या आणि तेलकंपन्यांच्या घशात जाणार अशा बातम्या वाचून अस्वस्थ होता. ऑनलाइन सह्या करण्यापलीकडे साध्या माणसाला काही करता येतं का, आणि नागरिक नसलेल्याला त्यात काही जागा आहे का?

दोन्हींचं उत्तर हो. मी सॉल्ट लेक सिटीत राहते आणि बरीच वर्षं इथल्या स्वयंसेवकांबरोबर हे काम करते आहे, म्हणून ठामपणे सांगते. मोर्चे निघतात, फलक लागतात, ते हवंच. पण युटाचं वाळवंट जेवढं वाचलंय, त्यातलं बरंचसं नकाशे, फोटो आणि कंटाळवाण्या कागदपत्रांमुळे वाचलंय.

आधी जमीन कुणाची ते सांगते. युटातली सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे आहे. सगळे त्याला बीएलएम म्हणतात. राष्ट्रीय उद्यानं वेगळी, ती दुसऱ्या खात्याकडे. बीएलएमची जमीन म्हणजे पश्चिमेत नवी वस्ती होत होती त्या काळात शेतीला कुणी घेतली नाही म्हणून सरकारकडेच राहिलेली. चराई, खाणी, तेल, जीपगाड्या, भटकंती, सगळं तिच्यावर चालतं. १९६४ मध्ये वाइल्डरनेस कायदा आला, म्हणजे काही भाग रस्ते आणि यंत्रांपासून कायमचे मोकळे ठेवण्याचा कायदा. त्यात या जमिनींचा विचारच नव्हता. १९७६ च्या कायद्याने बीएलएमला सांगितलं की ५,००० एकर किंवा त्याहून मोठे, रस्ते नसलेले भाग शोधा आणि कोणते राखण्याजोगे आहेत ते कळवा. युटात खात्याने ३२ लाख एकर काढले.

जी माणसं त्या दऱ्याखोऱ्यांतून पायी हिंडत होती, त्यांना हा आकडा पटेना. १९८३ मध्ये सदर्न युटा वाइल्डरनेस अलायन्स स्थापन झाली, पुढे बऱ्याच संघटनांची आघाडी झाली, आणि त्यांनी ठरवलं की मोजणी आपणच करायची. शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त लोक आठवडी सुट्टीला नकाशे घेऊन निघायचे. त्यातून ५० लाख एकरांहून मोठा नागरिकांचा प्रस्ताव तयार झाला आणि १९८९ मध्ये युटाचेच खासदार वेन ओवेन्स यांनी त्याचं विधेयक मांडलं. दोन आकड्यांतल्या तफावतीवरून इतका वाद झाला की १९९६ मध्ये बीएलएम ज्या मंत्रालयाखाली येतं त्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांनी फेरमोजणीचा हुकूम दिला. १९९९ मध्ये बीएलएमनेच कबूल केलं की आणखी २६ लाख एकर जमीन निकषांत बसते. खात्याच्या कर्मचाऱ्यांनी जागेवर जाऊन पाहिलं आणि त्यांनाही तेच दिसलं. मला ही गोष्ट या सगळ्या चळवळीत सर्वांत मोलाची वाटते.

आता ही मोजणी म्हणजे नेमकं काय, कारण तुम्हालाही तेच करावं लागेल. सगळं अडतं ते रस्ता कशाला म्हणायचं यावर. १९७६ च्या कायद्यासोबतच्या अहवालात खुलासा आहे: यंत्राने सुधारलेला, यंत्राने देखभाल होणारा आणि बऱ्यापैकी नियमित वापरातला तो रस्ता. नुसत्या गाड्या जाऊन जाऊन पडलेली चाकोरी रस्त्यात धरत नाहीत. मग आम्ही त्या चाकोरीवर चालतो. कडेला मातीचा बांध दिसतो का ते बघतो, कारण ब्लेड लावलेला ट्रॅक्टर फिरला असेल तर बाजूला माती लोटलेली राहतेच. ओढा ओलांडताना खाली पाइप टाकलाय का? दोन चाकांच्या मधल्या पट्ट्यात झुडपं किती वाढलीत? एकदा सीडर मेसाच्या बाजूला नकाशावर ठळक रेघ असलेल्या वाटेवर आम्ही उभ्या होतो आणि मधोमध माझ्या खांद्याएवढं ज्युनिपरचं झाड होतं. ज्युनिपर फार सावकाश वाढतो. त्या जागेवरून कित्येक वर्षांत एकही गाडी गेली नव्हती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आम्ही झाडाला मोजपट्टी लावून फोटो काढला, जीपीएसचा बिंदू नोंदवला, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहिलं, फोटोचा क्रमांक नकाशावर टाकला. प्रत्येक फाट्यावर आणि वाट जिथे संपते तिथे हेच पुन्हा. दिवसअखेर पायात काटे आणि हातात भरलेले फॉर्म असतात.

या नोंदींना एवढं महत्त्व येण्याचं आणखी एक कारण आहे. १८६६ च्या एका खाणकायद्यात सरकारी जमिनीवर रस्ते काढायचा हक्क दिला होता. तो १९७६ मध्ये रद्द झाला, पण आधीचे हक्क शाबूत राहिले. त्यावर बोट ठेवून युटा राज्याने अशा हजारो वाटा आपल्याच असल्याचे दावे लावलेत. अशा वादात ती वाट प्रत्यक्षात कशी दिसते, हाच प्रश्न येतो.

चालताना पाय कुठे टाकायचा हेही शिकावं लागतं. झुडपांच्या मधल्या मातीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो, तो जिवंत असतो. सूक्ष्म जिवाणू, शेवाळ, दगडफूल यांनी मातीचे कण एकमेकांना चिकटवून धरलेले असतात, म्हणून वाऱ्या-पावसात माती टिकते. एका पावलाने तो चुरतो आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. चार चाकांची गाडी दहा मिनिटांत काय करते ते त्यावरून समजेल. बेकायदा चाकोऱ्या बुजवायच्या मोहिमाही असतात. त्यात आम्ही वाळलेल्या फांद्या जमिनीत उभ्या रोवतो, दगड अर्धवट पुरतो, तेही फक्त मुख्य वाटेवरून नजर पोचेल तेवढ्या अंतरात. पुढच्या गाडीवाल्याला तिथे वाट होती हे दिसलंच नाही की तो वळत नाही. उरलेलं काम पाऊस करतो.

दुसरा मार्ग म्हणजे लेखी हरकती. १९७० पासून अमलात असलेल्या पर्यावरण कायद्याप्रमाणे मोठ्या निर्णयाआधी परिणामांचा अभ्यास मांडावा लागतो आणि बहुधा लोकांकडून सूचनाही मागवतात. आपल्याकडे प्रकल्पाची जनसुनावणी असते, त्या धर्तीवर, पण इथे जोर लेखी मजकुरावर. यात नागरिकत्वाची अट नाही. तुम्ही आजही लिहू शकता. पण एकाच मसुद्यावर हजार लोकांनी नाव घातलं तर अधिकारी त्याचा एकच गठ्ठा करतात, कारण हे मतदान नव्हे. ‘मला ही दरी फार आवडते, वाचवा’ यालाही खात्याकडून काही उत्तर मिळत नाही. ‘तुमच्या आराखड्यातल्या अमुक क्रमांकाच्या मार्गावर मी मार्चमध्ये चाललो, तो निम्म्यात वाहून गेलाय, तुम्ही तो नदीपर्यंत दाखवलाय, सोबत फोटो जोडतो’ असं लिहिलंत तर त्याची दखल घ्यावी लागते, आणि नाही घेतली तर पुढे कोर्टात वकिलाच्या हाती मुद्दा असतो. मोआबजवळच्या लॅबिरिंथ कॅन्यन भागात २०२३ मध्ये बीएलएमने ३१७ मैल लांबीचे गाडीमार्ग बंद केले, त्यामागे असंच वर्षानुवर्षांचं काम होतं.

सरकारी जमिनीचे पट्टे तेल-वायूसाठी देण्याच्या डिसेंबर २००८ च्या लिलावाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. टिम डिक्रिस्टोफर नावाचा विद्यार्थी सॉल्ट लेकच्या लिलावात जाऊन बसला आणि खिशात पैसे नसताना सुमारे १८ लाख डॉलरच्या बोली लावून आला. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण आर्चेस आणि कॅन्यनलँड्स या राष्ट्रीय उद्यानांच्या आसपासचे ७७ पट्टे आधी कोर्टाने अडवले ते संघटनांच्या दाव्यावर, हवेच्या प्रदूषणाचा अभ्यास अपुरा होता म्हणून, आणि मग नव्या मंत्र्यांनी ते मागे घेतले. तुम्ही व्हिसावर आहात, अटक ओढवेल असं काही करू नका. त्याची किंमत फार मोठी आहे आणि त्याची गरजही नाही.

बेअर्स इअर्सबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. आग्नेय युटातला हा प्रदेश १३ लाख ५० हजार एकरांचा, म्हणजे गोव्याच्या जवळपास दीडपट. तिथे प्राचीन घरं, धान्याची कोठारं, खडकांवरची चित्रं हजारोंनी आहेत. २०१० नंतर नावाहो या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या: औषधी मुळं कुठे मिळतात, सरपण कुठून येतं, पूर्वजांना कुठे पुरलंय. ते सगळं नकाशावर चढवलं. पुढे होपी, झुनी, नावाहो आणि दोन यूट जमाती एकत्र आल्या. डिसेंबर २०१६ मध्ये ओबामांनी तो भाग नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या सहीने राखलेलं संरक्षित क्षेत्र, जाहीर केला. वर्षभरातच ट्रम्प यांनी तो सुमारे ८५ टक्क्यांनी छाटला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बायडन यांनी पूर्ववत केला.

त्याच काळातली एक कमी बोलली जाणारी गोष्ट. बेअर्स इअर्स ज्या सॅन वॉन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) येतं, तिथे नावाहो बहुसंख्य असूनही मतदारसंघ असे आखले होते की कारभारी मंडळात त्यांना बहुमत मिळत नसे. नावाहो नेशन, म्हणजे त्या जमातीचं सरकार, कोर्टात गेलं, मतदारसंघ नव्याने आखले गेले, आणि २०१८ च्या निवडणुकीत तीनपैकी दोन जागा नावाहो उमेदवारांनी जिंकल्या. त्यातले एक विली ग्रेआइज, बेअर्स इअर्सच्या लढ्यात पहिल्यापासून असलेले. ज्या काउंटीने मॉन्युमेंटला कडाडून विरोध केला होता, तिथेच नव्या मंडळाने पाठिंब्याचा ठराव केला.

राष्ट्राध्यक्षांच्या सहीने मिळालेलं दुसऱ्या सहीने जातं. काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, कायदा टिकतो. ट्रम्प यांनीच मार्च २०१९ मध्ये सही केलेल्या कायद्याने युटाच्या एमरी काउंटीत सुमारे ६ लाख ६३ हजार एकर वाइल्डरनेस झालं. त्यासाठी गुरंवाल्यांशी, जीपवाल्यांशी, काउंटीच्या लोकांशी वर्षानुवर्षं बसून बोलावं लागलं. गुरंवाल्यांना मी शत्रू मानत नाही. त्यांच्या चार पिढ्या तिथे गेल्यात आणि वॉशिंग्टनमधून कुणीतरी आपलं भवितव्य ठरवतं याचा त्यांना राग येतो, तो समजण्यासारखा आहे.

अपयशं मोठी आहेत. तुमच्यापासून तासाभरावरचं ओक फ्लॅट, अपाची लोकांचं पवित्र स्थान, डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात कलम घुसवून तांब्याच्या खाणीला द्यायचं ठरलं. खाण झाली तर सुमारे तीन किलोमीटर रुंद खड्डा पडेल. अपाची नेते वेंडस्लर नोझी आणि त्यांचे सहकारी कोर्टात लढले, अपील कोर्टात ६ विरुद्ध ५ मतांनी हरले, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. त्याच महिन्यात युटातल्या एका रेल्वेमार्गाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पर्यावरण-अभ्यासाची व्याप्तीही आखडली. म्हणून आता ठोस, जागेवरची माहिती पहिल्यापेक्षा जास्त लागते.

पण जून २०२५ ही विसरू नका. सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडच्या राज्यांतली लाखो एकर सरकारी जमीन विकायची तरतूद आणली होती. शिकारी, मासेमारीवाले, गिर्यारोहक, दोन्ही पक्षांचे मतदार असे तुटून पडले की महिना संपायच्या आत ती मागे घ्यावी लागली.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, उमेदवारांना देणग्या देऊ नका, ग्रीनकार्ड नसताना ते बेकायदा आहे. ना-नफा संस्थेला वर्गणी चालते, विनामूल्य स्वयंसेवाही. ॲरिझोनातल्या एखाद्या वाळवंट-संस्थेच्या स्वयंसेवक यादीत नाव घाला आणि पहिल्यांदा अनुभवी माणसाबरोबरच जा. एखादा छोटा भाग आपला म्हणून धरा, दर हिवाळ्यात त्याच जागांवरून फोटो काढत राहा, तारखेसह जपून ठेवा. तिथला आराखडा बीएलएमच्या संकेतस्थळावर शोधून त्याची सूचना-मुदत कधी आहे ते नोंदवून ठेवा. मोसम ऑक्टोबरअखेर ते एप्रिल. माणशी दिवसाला चार लिटर पाणी, लांब बाह्या, आणि काटे काढायला चिमटा किंवा बारीक कंगवा. तुमच्याकडच्या चोया निवडुंगाचा लचका चिकटला तर हाताने ओढायचा नाही, कंगव्याने झटकून उडवायचा.