मार्गाची पहिली रेघ ओढण्यापूर्वी
शहरातील नव्या मेट्रो मार्गाचा आपला आराखडा पाहिला. उत्साह दांडगा आहे, तो तसाच राहू द्या. मात्र नकाशावर मोकळी जागा दिसते म्हणून तेथून रूळ नेण्याची सवय आधी सोडा. प्रवासी स्थानकापर्यंत बहुधा चालत येतात, म्हणून प्रत्येक नियोजित स्थानकाभोवती 800 मीटर, म्हणजे साधारण दहा मिनिटांच्या चालीचे वर्तुळ काढा आणि त्यात किती घरे, कचेऱ्या, महाविद्यालये व रुग्णालये येतात ते मोजा. द्रुतगती महामार्गाच्या दुभाजकात जागा सहज मिळते हे खरे; पण शिकागोतील अशा स्थानकांप्रमाणे तेथे वर्तुळाचा मोक्याचा भाग रस्त्यानेच व्यापलेला असतो.

नवख्यांची दुसरी चूक फाट्यांची. मुख्य मार्गावर दर 4 मिनिटांनी गाडी असेल, तर दोन समान फाट्यांवर ती दर 8 मिनिटांनीच मिळते. प्रत्येक वस्तीला स्पर्श करण्यासाठी घेतलेली वळणेही महाग पडतात, कारण पुढे जाणाऱ्या सर्वांचा वेळ त्यांत जातो. मार्ग शहराच्या मध्यभागी संपवू नका, आरपार न्या. अन्यथा गाड्या उलट फिरवताना तेथील फलाट अडकून पडतात. मार्ग विमानतळापर्यंत नेण्याचा मोह (मलाही होता) तूर्त आवरा. उतार, वक्रता आणि आगार यांचा विचार नंतर करता येईल.