‘नांदणे’ म्हणजे फक्त एकत्र राहणे का? गावाकडे ‘नांदाले गेली’ म्हणतात ते काय?

फक्त एका छताखाली राहणं म्हणजे नांदणं नव्हे. लग्न झालेल्या बाईनं सासरी टिकून संसार करणं, हा मुख्य अर्थ. वऱ्हाडीत ‘ला’चा ‘ले’ होतो, म्हणून ‘पोरगी नांदाले गेली’. नवऱ्या मुलाला एकट्याला हे क्रियापद लागत नाही, घरजावयाला लागलंच तर चेष्टेनं. जोडप्याला मात्र चालतं: ‘दोघं सुखानं नांदतात’.

खरी गफलत ‘नांदत नाही’ आणि ‘नांदवत नाही’मध्ये होते. ‘ती नांदत नाही’ म्हटलं की बोट बाईकडे. ‘तो तिला नांदवत नाही’ म्हटलं की नवऱ्याकडे. आणि ‘तिच्यानं तिथं नांदवत नाही’ म्हणजे तिला ते सोसवत नाही. पंचायतीत किंवा अर्जात हा एक ‘व’ चुकला की तक्रारच उलटी होते. हिंदू विवाह कायदा, 1955च्या कलम 9 खालच्या, सोडून गेलेल्या जोडीदारानं परत नांदायला यावं म्हणून केलेल्या अर्जालाही लोक ‘नांदायचा दावा’च म्हणतात, तो नवराबायको दोघांनाही करता येतो.

लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना ‘नांदतात’ सहसा म्हणत नाहीत. तिथे ‘सोबत राहतात’.

घरात शांतता, लक्ष्मीही नांदते. तिथे सासरचा संबंध नाही.