माए होंग सोनला तीन रात्री : कुठे खायचं, काय प्यायचं

तुमचा प्रश्न वाचला. डिसेंबरात उत्तर थायलंडमधल्या माए होंग सोनला तीन रात्री मुक्काम, आई पक्क्या शाकाहारी, तुम्ही दोघं सगळं खाणारे, आणि नेटवर शोधलं की माहिती सगळी 'पाय' (Pai) गावाचीच निघते. ते वेगळं गाव, तिथे बॅकपॅकर मंडळींमुळे पिझ्झा-बर्गरपासून सगळं मिळतं. माए होंग सोन हे मुळात शान लोकांचं गाव, थाय लोक त्यांना ताइ याइ म्हणतात, ब्रह्मदेशाची हद्द जवळच, त्यामुळे बँकॉकचं नारळाच्या दुधातलं हिरवं-लाल जेवण डोक्यातून काढूनच टाका. आणि हॉटेलांची नावं मुद्दाम देत नाही, चांगल्या छोट्या दुकानांच्या पाट्या फक्त थायमध्ये असतात, जागा आणि वेळ माहीत असलेली जास्त उपयोगी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे खरं खाणं सकाळी असतं. हॉटेलचा ब्रेकफास्ट बुकिंगमध्ये घेऊच नका. वाट हुआ विआंग देवळाला लागून साइ युत मार्केट आहे, तिथे सहा-साडेसहाला पोचा, नऊनंतर चांगले स्टॉल आवरायला लागतात. तिथे थुआ पू उन मागायचं. हरभऱ्याच्या नाहीतर पिवळ्या वाटाण्याच्या पिठाचं, हळद घालून शिजवलेलं, म्हणजे बिनफोडणीचं पातळ पिठलंच समजा. बाई मोठ्या पातेल्यातून डावाने ते गरम गरम तांदळाच्या शेवयांवर ओतते, वर लाल मिरचीचं तेल, कुटलेले शेंगदाणे, तीळ, कोथिंबीर, आणि तुम्ही वाटीतच कालवून घ्यायचं, पहिला घास तिखट-गोड लागतो आणि मग शेंगदाणा दाताखाली येतो. हेच पीठ थापून घट्ट झालं की वड्या पाडून तळतात, बाहेरून कुरकुरीत आत मऊ, चिंचेच्या आंबटगोड चटणीबरोबर. आईंचा नाश्ता तर झालाच, पण मी म्हणेन तुम्हीही आधी हेच खा.

फक्त ऑर्डर देताना 'किन जे' म्हणा आणि पुढे 'माइ साइ नाम प्ला' जोडा, म्हणजे माशाचा सॉस नको. नुसतं भाजी-भाजी म्हणून काही उपयोग नाही, कारण नाम प्ला आणि ऑयस्टर सॉस हे तिकडे कोणी मांसाहारात धरतच नाही, भाजीत सर्रास पडतात. 'जे' म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही आणि कांदा-लसूणही नाही, त्यामुळे आई चातुर्मास पाळणाऱ्या असतील तरी चालेल. अशा दुकानावर पिवळं निशाण आणि त्यावर लाल अक्षरं असतात, लांबून इंग्रजी सतरा आकडा लिहिल्यासारखं दिसतं, ते दिसलं की बिनधास्त आत जा.

आता तुमच्यासाठी. खानोम चिन नाम नियाव, तांदळाच्या शेवया आणि टोमॅटो-डुकराच्या मांसाचा पातळ रस्सा, वर तळलेला लसूण. चियांग राईकडे यात रक्ताच्या वड्या टाकतात, इथला शान प्रकार हलका आणि जास्त आंबट, मला हाच आवडतो. रश्शाला जो खमंग वास असतो तो थुआ नाओचा, सोयाबीन शिजवून आंबवतात, वाटून पातळ चकत्या थापतात आणि उन्हात वाळवतात. मार्केटमध्ये या चकत्यांच्या चळती दिसतील, भाजून चटणीत कुस्करतात. एक पाकीट घरी आणाच, महिनोन्महिने टिकतं, पण घट्ट डब्यात ठेवा, वास उग्र असतो. जिन लुंग म्हणजे खिम्याचे हळदीतले गोळे, भातवाल्या दुकानात ट्रेमध्ये मांडलेले असतात. हांग ले ही डुकराची करी आलं, चिंच आणि गरम मसाल्यासारख्या पुडीची, आपल्या जिभेला लगेच पटते. एका वाटीला साधारण ४० ते ६० बात पडतात.

गोड विचारलंत तर आलावा. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, साखर घोटून थाळीत ओततात आणि वर-खाली निखारे ठेवून भाजतात, वरची साय तपकिरी होते. चौकोनी तुकडे विकत मिळतात. अंडं नसतं, तरी विचारून घ्या.

संध्याकाळी चोंग खाम तळ्यावर जा. थंडीच्या दिवसांत तळ्याभोवती वॉकिंग स्ट्रीट भरते, पलीकडच्या दोन जुळ्या देवळांचे दिवे पाण्यात दिसतात, चटईवर बसून खायचं. पण स्टॉल लवकर आवरतात, साडेआठला निघालात तर उरलंसुरलं मिळेल. बिअर पिणार असाल तर लिओ किंवा चांग इथेच घ्या, नाइटलाइफ शोधत फिरू नका, ते या गावात नाही.

कॉफी मात्र चुकवू नका. याच प्रांतातल्या हुआइ होम गावच्या कारेन जमातीच्या लोकांची अरेबिका कुठे दिसली तर बिनसाखरेची मागा, नाहीतर कंडेन्स्ड मिल्क पडतं. 'वान नोइ' म्हटलं की गोड कमी.

आणि एक अख्खा दिवस बान राक थाइला द्या. साधारण ४४ किलोमीटर, १९४९ नंतर चीनच्या युन्नानमधून बाहेर पडलेल्या कुओमिन्तांग (चिनी राष्ट्रवादी पक्षाच्या) सैनिकांच्या वंशजांचं गाव, तळ्याकाठी मातीची घरं आणि चहाचे मळे. दुकानात छोट्या कपांत उलाँग चाखायला फुकट देतात, दोन-तीन प्रकार पिऊन मगच घ्या. तुमच्यासाठी मऊ शिजवलेला डुकराचा पाय आणि वाफवलेले मान्तोउ पाव, आईंसाठी तेच मान्तोउ आणि परतलेली पालेभाजी, पण चहाच्या कोवळ्या पानांचं सॅलड त्यांच्यासाठी मागवताना नाम प्लाचं आधी सांगा. सोंगथेव, म्हणजे मागे बाकं बसवलेल्या वडापच्या गाड्या, कमी असतात आणि परतीची हमखास मिळेल असं धरू नका, आई बरोबर असताना गाडी-ड्रायव्हर दिवसभरासाठी ठरवूनच जा. स्वेटर घ्या, वर सकाळी चांगलीच थंडी असते.